‘बरं वाटावं’ एवढं पुरत नाही

समुपदेशकानं पहिल्याच भेटीत ‘तुम्हाला काय हवंय?’ असं विचारलं, की बहुतेक उत्तरं मोघम येतात. घरात शांतता हवी. मूड सुधारायला हवा. नवऱ्यानं समजून घ्यायला हवं. उद्दिष्ट ठरवून चालणाऱ्या समुपदेशनात खरं काम पुढच्या प्रश्नापासून सुरू होतं : शांतता आली हे तुम्हाला कशावरून कळेल? मग हळूहळू काहीतरी हाती लागतं. आठवड्यातून निदान तीन रात्री पैशांचा विषय न काढता एकत्र जेवणं, सकाळी आठच्या आत अंथरुणातून उठणं, बहिणीला पुन्हा फोन करणं.

अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात स्टीव्ह डी शेझर आणि इन्सू किम बर्ग या दांपत्यानं १९७८ मध्ये केंद्र उघडलं आणि या विचाराला पद्धतशीर रूप दिलं. त्यांचा एक प्रश्न आज जगभरचे समुपदेशक वापरतात. आजच्या परिस्थितीला दहापैकी किती गुण द्याल? उत्तर चार आलं, तर दहा कसे होतील याची चर्चा करायची नाही. पाच कशानं होतील तेवढंच बोलायचं.

आपल्याकडचा भक्कम पुरावा गोव्याचा आहे. ‘संगाथ’ या संस्थेनं तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर चाचणी घेतली आणि तिचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये २०१७ साली छापून आले. समुपदेशक मानसशास्त्राचे पदवीधर नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. सहा ते आठ बैठका, आणि सगळा भर कृतीवर : मन ताळ्यावर येईपर्यंत थांबायचं नाही, सोडून दिलेली छोटी कामं आधी सुरू करायची. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी सुमारे ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. न मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं.

ही पद्धत पडद्यावर चालते का? मायामी विद्यापीठाचे ब्रायन डॉस यांनी जोडप्यांसाठी साधारण आठ तासांचा ऑनलाइन कार्यक्रम तयार केला. जोडप्यानं आपल्या भांडणांतला एखाददुसराच मुद्दा निवडायचा, त्याच्या मुळाशी काय आहे ते तपासायचं, मग काय बदलायचं ते ठरवायचं. अधूनमधून प्रशिक्षकाचा छोटा फोन, बस्स. ३०० जोडप्यांवरच्या अभ्यासात प्रतीक्षायादीतल्या जोडप्यांपेक्षा या जोडप्यांचं नात्यातलं समाधान वाढलेलं दिसलं. गंमत म्हणजे कार्यक्रम नात्यासाठी होता, तरी उदासीही कमी झाली.

आपल्याकडेही असं दुरून समुपदेशन मिळतं. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ सेवा २०१२ पासून फोन, ईमेल आणि चॅटवरून समुपदेशन देते. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मोफत आणि मराठीतही बोलता येतं.

अडचण तंत्रज्ञानाची कमी, घराची जास्त. दोन खोल्यांच्या घरात सासूबद्दल बोलायचं कुठे? कुणी गच्ची गाठतं, कुणी उभ्या गाडीत बसून बोलतं, कुणी फक्त चॅट निवडतं, कारण टाइप केलेलं भिंतीपलीकडे ऐकू जात नाही. त्यामुळे बोलायची जागा आणि वेळ हेही पहिल्या बैठकीतच ठरवून घ्यावं लागतं.

मारहाण किंवा धाक असलेल्या घरात मात्र जोडप्याला एकत्र बसवून उद्दिष्टं ठरवणं धोक्याचं आहे. बाई पडद्यावर जे बोलली, त्याची किंमत तिला नंतर त्याच खोलीत मोजावी लागू शकते. तिथे आधी सुरक्षितता बघायची. १८१ ही महिला हेल्पलाइन त्यासाठीच आहे. आत्महत्येचे विचार येत असतील, किंवा मूड टोकाला जाऊन कित्येक दिवस झोपच लागत नसेल, तर मनोविकारतज्ज्ञ गाठावा. औषध लिहून देण्याचं काम समुपदेशकाचं नाही.

आणखी एक गोष्ट जाहिराती सांगत नाहीत. ‘समुपदेशक’ अशी पाटी लावायला फारसं काही लागत नाही. म्हणून शिक्षण विचारावं, आणि समोरची व्यक्ती स्वतःला चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणवत असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी विचारावी. शिवाय प्रगती कशानं मोजणार आणि कधी थांबणार, हेही सुरुवातीलाच विचारून घ्यावं. चार-पाच बैठकांनंतरही दहापैकीचा तो आकडा हलला नाही, तर उद्दिष्ट, पद्धत किंवा समुपदेशक बदलण्याबद्दल मोकळेपणानं बोलावं. चांगला समुपदेशक हा विषय बहुधा स्वतःच काढतो.