‘नीट’चे गुण आणि वैद्यकीय प्रवेशाची जागा

बारावीनंतर एमबीबीएसला जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याचा प्रवेश आज देशभर एकाच परीक्षेवर, म्हणजे राष्ट्रीय पात्रता व प्रवेश परीक्षा अर्थात ‘नीट’वर, अवलंबून असतो, परंतु या परीक्षेतील गुण आणि प्रत्यक्ष हाती येणारी जागा यांचे नाते समजले जाते तितके सरळ नाही, आणि निकालानंतर घरोघरी पदरी पडणारी पुष्कळशी निराशा या गैरसमजापोटी असते. ही परीक्षा २०१३ साली प्रथम झाली, त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्दबातल ठरवली आणि २०१६ साली आपलाच निकाल मागे घेऊन तिला पुन्हा वाट मोकळी करून दिली. महाराष्ट्राने २०१६ चे शासकीय प्रवेश राज्याच्या सीईटीवरच, म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षेवरच केले. त्यानंतर मात्र राज्यातही ‘नीट’ लागू झाली.

सध्याच्या स्वरूपात प्रश्नपत्रिकेत १८० प्रश्न असतात; त्यांपैकी ९० जीवशास्त्राचे आणि भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राचे प्रत्येकी ४५. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो आणि सोडून दिलेल्या प्रश्नाला काहीच मिळत नाही. १४० उत्तरे बरोबर, ३० चूक आणि १० प्रश्न कोरे ठेवणाऱ्या विद्यार्थ्याचे ५६० मधून ३० वजा जाऊन ७२० पैकी ५३० गुण होतात. मात्र हे ५३० गुण चांगले की बेताचे, हे त्या वर्षी इतरांना किती गुण पडले यावरच ठरते. २०२४ च्या सुधारित निकालात १७ विद्यार्थ्यांना ७२० पैकी ७२० गुण होते, तर २०२५ साली देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याचे गुण ६८६ होते. म्हणून गेल्या वर्षीचा कट-ऑफ, म्हणजे शेवटच्या प्रवेशाचे गुण, समोर ठेवून यंदाचा अंदाज बांधणे धोक्याचे असते. तुलना करायचीच तर गुणांची नव्हे, रँकची करावी.

‘पात्र’ या शब्दाने होणारी फसगत याहून मोठी आहे. खुल्या प्रवर्गासाठी पात्रतेची अट ५० पर्सेंटाइलची, म्हणजे साधारण निम्म्या परीक्षार्थींच्या पुढे असण्याची आहे. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि इतर मागासवर्गासाठी ती ४० पर्सेंटाइल आहे. २०२५ साली खुल्या प्रवर्गाची ही रेषा १४४ गुणांवर, म्हणजे एकूण गुणांच्या अवघ्या २० टक्क्यांवर आली. त्या वर्षी १२ लाखांहून अधिक विद्यार्थी पात्र ठरले आणि देशभरातील एमबीबीएसच्या जागा मात्र सव्वा लाखाच्या आसपास होत्या. पात्र ठरलेल्या दहांतील नऊ जणांना जागा मिळणे शक्यच नसताना त्या सर्वांना ‘पात्र’ म्हणणे हे मुलांवर अन्याय करणारे आहे.

जागांची विभागणीही नीट समजून घ्यावी लागते. शासकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून केंद्रीय समितीमार्फत भरल्या जातात. या कोट्याचा उगम सर्वोच्च न्यायालयाच्या १९८४ च्या प्रदीप जैन प्रकरणातील निकालात आहे. उरलेल्या ८५ टक्के जागा महाराष्ट्रात राज्याचा सीईटी कक्ष भरतो. या राज्य कोट्यात २०२० पर्यंत ‘७०:३०’ ही प्रादेशिक विभागणी होती, म्हणजे विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र या प्रत्येक विभागातील ७० टक्के जागा तेथेच शिकलेल्या विद्यार्थ्यांसाठी राखीव असत. मराठवाड्यात महाविद्यालये थोडी असल्याने, लातूर-नांदेडच्या शिकवण्यांतून तयार झालेल्या मुलांना तेवढ्याच गुणांवर इतर विभागांतील मुलांपेक्षा मागे राहावे लागे. सप्टेंबर २०२० मध्ये शासनाने ही पद्धत रद्द केली, आणि तो निर्णय न्याय्यच होता.

गुण पुरेसे असूनही कागदपत्रांअभावी हातची जागा जाते, ही गोष्ट अधिक चटका लावणारी आहे. राखीव प्रवर्गातील विद्यार्थ्याला जातीच्या दाखल्याबरोबर जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे पडताळणी समितीने तो दाखला तपासून दिलेले प्रमाणपत्र, आणि इतर मागासवर्गीयाला नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्रही लागते. वैधतेच्या पडताळणीला वडील-आजोबांच्या शाळेच्या नोंदींपर्यंत जावे लागते. म्हणून हे काम निकालानंतर नव्हे, अकरावीतच हाती घ्यावे.

शेवटचा टप्पा पसंतीक्रमाचा. गुणवत्ता यादीतील क्रमाने एकेका विद्यार्थ्याची महाविद्यालयांची यादी वरून खाली तपासली जाते आणि शिल्लक असलेली पहिली जागा त्याला दिली जाते. त्यामुळे आवाक्याबाहेरचे वाटणारे महाविद्यालय पहिले लिहिल्याने खालच्या पसंतीची संधी मुळीच कमी होत नाही. पालकांनी आधी प्रत्येक खासगी महाविद्यालयाचे शुल्क पाहून न परवडणारी नावे वगळावीत, आणि उरलेली यादी गेल्या वर्षीचा कट-ऑफ पाहून नव्हे, तर मुलाला खरोखर जिथे शिकायचे आहे त्या क्रमाने भरू द्यावी.