पाण्यासाठी नव्हे, पाळतीसाठी विहीर

वणीचा कोळसापट्टा वर्धा खोऱ्यातला. वेस्टर्न कोलफील्ड्सच्या उकणी, निलजई, मुंगोली या खुल्या खाणी इथल्याच. अशा खाणींभोवतीची माती आणि भूजल कसे तपासतात, ते असे :

• माती : शेतीच्या तपासणीला वरची १५ सेंटिमीटर माती, अनेक जागची कालवून. प्रदूषण शोधताना थरागणिक वेगळा नमुना. कालवलेल्या मातीत नेमका डाग हरवतो.

• निरीक्षण विहीर : बोअरमध्ये खाचा पाडलेला पीव्हीसी पाइप, भोवती धुतलेली रेती, वर फुगणाऱ्या बेंटोनाइट मातीचे बूच, म्हणजे पावसाचे पाणी कडेने उतरत नाही. भूजलाच्या प्रवाहाची दिशा कळायला किमान तीन विहिरी. नमुन्याआधी साचलेले पाणी उपसतात.

• फ्लोराइड : खडकातूनही येते. म्हणूनच नैसर्गिक पातळी दाखवणारी, प्रवाहाच्या वरच्या अंगाची विहीर मोलाची. पिण्याच्या पाण्यात मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम. दुसरा स्रोत नसल्यास १.५.

• प्रदूषित स्थळांचे केंद्रीय नियम : २०२५.