नळाच्या मीटरचे काटे

"नळ आले का?" उन्हाळ्यात वरोऱ्याच्या गल्ल्यांमधली सकाळ याच प्रश्नाने सुरू होते. पारा ४५ अंशांपलीकडे जाणाऱ्या या भागात पाण्याचे मोल कुणाला शिकवावे लागत नाही. शेजारच्या आनंदवनाची सुरुवातसुद्धा खडकाळ जमिनीत विहीर खणण्यापासून झाली. तरी घरात महिन्याला पाणी किती लागते असे विचारले, तर उत्तर गुंडांत आणि टाक्यांत मिळते. लिटरमध्ये उत्तर देणारे यंत्र म्हणजे नळाचा मीटर. नागपुरात चोवीस तास पाण्याच्या योजनेबरोबर तो घरोघर पोचला; कराडजवळच्या छोट्या मलकापूरने तर त्याच्याही आधी मीटरवर चोवीस तास पाणी देऊन दाखवले. लोक त्याला बिलाचे यंत्र समजतात. मला तो घरच्या माणसाच्या हातातला पुरावा वाटतो. मात्र तो वाचता आला पाहिजे.

घरगुती मीटर बहुधा १५ मिलिमीटरचा, म्हणजे अर्ध्या इंची नळाचा असतो. आत शिरलेले पाणी आधी जाळीतून गाळले जाते, मग तिरप्या छिद्रांतून एका छोट्या पंख्यावर चहूबाजूंनी आदळते. पंखा फिरतो, दातेरी चाके ती गती वरच्या आकड्यांपर्यंत नेतात. म्हणून मीटर आडवा, तबकडी आभाळाकडे आणि अंगावरचा बाण पाण्याच्या दिशेने, असाच बसवावा. गढूळ पाण्याने जाळी तुंबली की नळाची धार बारीक होते आणि दोष पुरवठ्याला दिला जातो.

तबकडीवरचे काळे आकडे घनमीटरचे. एक घनमीटर म्हणजे १,००० लिटर. बिलात त्यालाच युनिट म्हणतात. लाल काटे त्याखालचा हिशेब सांगतात: ०.१ चा काटा एक घर सरकला की १०० लिटर, ०.०१ चा १० लिटर, ०.००१ चा एक लिटर. काटा दोन आकड्यांच्या मध्ये असेल तर लहान आकडा धरावा. गेल्या महिन्यात ००३२९ आणि आज ००३४७, म्हणजे १८ युनिट, १८,००० लिटर. घरात पाच माणसे असतील तर माणशी रोज १२० लिटर. शहरांसाठी धरले जाणारे प्रमाण १३५ लिटरचे आहे आणि जलजीवन मिशनचे खेड्यांसाठी ५५ लिटरचे.

मीटर खरा की खोटा, हे पाण्याच्या २० लिटरच्या कॅनवर तपासता येते. बाकीच्या तोट्या बंद करा, मोठ्या धारेने कॅन बरोबर खुणेपर्यंत भरा आणि ०.००१ चा काटा पाहा. तो पूर्ण दोन फेरे घेईल. भारतीय मानकानुसार नेहमीच्या प्रवाहात दोन टक्के फरक चालतो, म्हणजे कॅनमागे ४०० मिलिलिटर. चार-पाच कॅनमध्ये सतत त्याहून मोठा फरक दिसला तर तक्रार करायला आधार मिळाला.

तबकडीवरची चिमुकली चांदणी गळती पकडते. नळाला पाणी आलेले असताना टाकीचा कॉक आणि सगळ्या तोट्या बंद करा. तरीही ती फिरत असेल तर मीटरपुढच्या नळात कुठेतरी पाणी झिरपते आहे. रात्री झोपताना आणि सकाळी आकडा पाहायची युक्ती चोवीस तास पाणी असलेल्या गावातच कामाची. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळेला येते. टाकीनंतरची गळती त्या वेळी मीटरला दिसत नाही, म्हणून रात्री टाकीत पाण्याच्या पातळीवर खूण करावी आणि सकाळी पाणी खाली गेले का ते पाहावे.

एक तक्रार मात्र खरी आहे. रिकाम्या नळात पाणी सुटले की आधी हवा धावते आणि पंखा पाण्याविनाच फिरतो. याला इलाज ग्राहकाच्या दारात नाही. मुख्य वाहिनीवर चालू स्थितीतले एअर व्हॉल्व्ह हवेत. ते पालिकेचे काम. नळाला थेट टिल्लू पंप लावणाऱ्यांनीही समजून घ्यावे: पंप शेजाऱ्याचे पाणी ओढतो, तसेच फुटक्या सांध्यातून गटाराचे पाणीही.

दर महिन्याच्या एक तारखेला मीटरचा आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवा. बिल वाढले तर कार्यालयात जाताना तेच कॅलेंडर सोबत न्या.