आपल्याच कथांची उलटतपासणी

एका वस्तीतील जयंती मंडळाने यंदा डीजेचा खर्च वाचवून कथास्पर्धा घेतली आणि परीक्षणाचे काम आमच्यावर सोपवले. मंडळाचे अभिनंदन करावे तेवढे थोडेच! चाळीसेक कथा आल्या. लिहिणाऱ्यांत रिक्षा चालवणारे होते, डी.एड. होऊन घरी बसलेल्या मुली होत्या, कंत्राटी सफाई कामगार होते, निवृत्त पोस्टमन होते. लिहिणारे हात एवढे वाढले, ही बाबासाहेबांच्या चळवळीची कमाई आहे. त्या आनंदातच आम्ही गठ्ठा उघडला.

पण दहा-बारा कथा वाचून झाल्या आणि आम्ही थबकलो. पहिल्या पानावर पाटलाचा वाडा. दुसऱ्या पानावर अपमान. तिसऱ्यावर मुलगा शहरात जातो. चौथ्यावर तो कलेक्टर होऊन त्याच गावात येतो, पाटील हात जोडतो आणि पाचव्या पानावर नायकाचे पानभर भाषण. त्या भाषणातला एक शब्दही खोटा नव्हता. विषमतेवरचा प्रत्येक आरोप खरा होता. तरीही वाचून संपल्यावर एकही माणूस डोळ्यांसमोर उभा राहत नव्हता. ना पाटील, ना कलेक्टर, ना त्याची आई.

या लेखकांना दोष देण्याचा अधिकार आम्हाला नाही. आम्ही स्वतः विशीत लिहिलेली पहिली कथा अशीच होती. तिच्यातही कलेक्टर होता आणि भाषण दीड पानाचे होते! प्रश्न असा आहे की हे का होते? आमचे उत्तर स्पष्ट आहे. आपण लिहितो भरपूर, आपल्या लेखकांचा जयजयकारही करतो, पण त्यांना वाचत नाही. म्हणजे गोष्ट काय आहे एवढेच वाचतो. ती कशी रचली आहे, हे वाचत नाही.

याला एक जुने कारण आहे. प्रस्थापित समीक्षकांनी दलित साहित्याची पाठ थोपटताना एक मेख मारून ठेवली. यांचे अनुभव दाहक आहेत, पण कलाकुसर कच्ची आहे, असे ते वर्षानुवर्षे सांगत आले. त्यावर आपण काय म्हणालो? आम्हाला तुमची कलाकुसर नकोच, आमचा अनुभवच पुरेसा आहे! हे उत्तर बाणेदार वाटले, पण त्यात घात होता. अण्णाभाऊ आणि बाबुराव बागूल यांना रचना कळत नव्हती, हे शत्रूचे म्हणणे आपण नकळत मान्य करून बसलो. दुःख सर्वांनाच भोगावे लागले. मग कथा सर्वांकडून का उतरल्या नाहीत? ज्यांनी त्या लिहिल्या, त्यांनी काहीतरी कमावले होते. ते काय, हे त्यांच्या पानांवरच लिहिलेले आहे. वाचता आले पाहिजे.

अण्णाभाऊंचे 'स्मशानातील सोनं' घ्या. कथा आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. गावाकडून पोटासाठी मुंबईत आलेला भीमा उपनगरातल्या खाणीत दगड फोडतो. खाण बंद पडते. मसणवटीच्या राखेत त्याला सोने सापडते, तो राख चाळू लागतो, पुढे पुरलेली प्रेते उकरू लागतो. एका रात्री नव्याने पुरलेल्या धनिकाच्या प्रेतासाठी कोल्ह्यांशी झुंजतो आणि प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात. बोटे कापावी लागतात. आणि त्याच वेळी बातमी येते की बंद पडलेली खाण सुरू होते आहे.

आता हीच कथा हळू वाचा. पहिली गोष्ट, पायऱ्या मोजा. दगड, मग राख, मग प्रेत, मग प्रेताचा जबडा. भीमा एकदम थडगी उकरायला निघालेला नाही. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा थोडीशीच खाली आहे, आणि पहिले सोने तर त्याला योगायोगाने मिळते. म्हणून वाचक त्याला कुठेच थांबवू शकत नाही. भुकेला पोट असलेला कोणीही माणूस हेच करील, असे म्हणत तोही भीमाबरोबर खाली उतरत जातो. अण्णाभाऊंनी पहिल्याच पानावर त्याला प्रेत उकरताना दाखवले असते, तर वाचकाने नाक मुरडले असते.

दुसरी गोष्ट, कोल्ह्यांची झुंज. तिला अण्णाभाऊ भरपूर जागा देतात. खाण का बंद पडली हे मात्र ते झटकन सांगून मोकळे होतात. असे का? कारण मालकाच्या हिशेबापेक्षा त्या हिशेबामुळे माणूस कोणत्या पातळीवर आणला जातो, हे त्यांना दाखवायचे आहे. माणूस आणि कोल्हा एकाच भक्ष्यासाठी लढतात, हे दृश्य समोर आल्यावर वेगळे प्रवचन लागत नाही. भीमाला जगण्यामरण्याचे विचार सुचतात, पण ते त्याच्या डोक्यातून, त्याच्या कामाच्या ओघात येतात. लेखक मध्ये येऊन व्याख्यान देत नाही.

तिसरी गोष्ट, शेवटच्या बातमीची जागा. खाण सुरू होण्याची बातमी एक दिवस आधी आली असती, तर भीमा वाचला असता आणि कथा मेली असती. महिन्याने आली असती, तर तो निव्वळ तपशील ठरला असता. ती बोटे गेल्यावर लगेच येते. ज्या हातांनी पहाड फोडायचे, ते हातच अधू झालेले असतात. एका बातमीची जागा ठरवून अण्णाभाऊंनी सगळी व्यवस्था आरोपीच्या पिंजऱ्यात उभी केली.

शाळेची पायरी जेमतेम चढलेल्या माणसाला हे कुठून आले? आकाशातून पडले नाही. अण्णाभाऊंनी मुंबईत दुकानांच्या पाट्या वाचत अक्षरे गिरवली. तमाशाच्या फडात आणि 1944 साली स्थापन झालेल्या लाल बावटा कलापथकात हजारो कामगारांसमोर उभे राहून ते शिकले. कुठे लोक चुळबुळ करतात, कुठे श्वास रोखतात, हे त्यांनी समोर पाहिले. 'फकिरा' ही त्यांची कादंबरी 1959 साली आली. तिच्यात नायकाच्या पराक्रमाआधी त्याच्या बापाची, राणोजीची, कथा येते. मुलगा कशासाठी पेटणार आहे, हे वाचकाच्या हाडात आधी मुरावे म्हणून. हा फडावर कमावलेला हिशेब आहे.

आता बाबुराव बागूल. माटुंगा लेबर कॅम्पात वाढलेल्या या माणसाचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह 1963 साली आला आणि मराठी कथेचा चेहराच बदलला. त्यातील शीर्षककथेचे फक्त शीर्षक घेऊन बसलो, तरी एक संध्याकाळ पुरत नाही. नायकाने जात लपवली आहे, हे वाचकाला शीर्षकातच कळते. कथेतल्या माणसांना ते कळायला शेवट यावा लागतो. या एका फरकावर सगळी कथा तोललेली आहे. गुजरातमधल्या उधन्याला रेल्वेत नोकरीला गेलेल्या या तरुणाशी कोणी प्रेमाने वागला, कोणी घरी जेवायला बोलावले, की वाचकाच्या पोटात गोळा येतो. एरवी जो आदर सुखाचा वाटला असता, तोच इथे भीतीचा होतो. हे रहस्य बागूलांनी शेवटपर्यंत दडवले असते, तर वाचकाला एक धक्का बसला असता. त्यांनी ते आधीच सांगून टाकले आणि प्रत्येक पानावर धसका दिला.

आणि 'चोरली' हे क्रियापद पाहा. 'लपवली' नाही, 'चोरली'. ज्या व्यवस्थेने पाणी, जमीन, अक्षर, सगळे चोरले, तिच्या राज्यात चोर कोण ठरतो? एका शब्दात बागूलांनी हा खटला उभा केला. आपण असतो तर यावर दोन पाने लिहिली असती!

त्याच कथेत काशीनाथ आहे. जात न लपवणारा, अपमान झाला की अंगावर धावून जाणारा. नायक आणि काशीनाथ एकाच समाजाचे, पण जगण्याची रीत उलट. यातला शूर कोण आणि भित्रा कोण, असा निकाल लेखक देत नाही. तो दोघांना शेजारी उभे करतो आणि बाजूला होतो. जात उघडी पडते, नायकाला बेदम मार बसतो, तेव्हा धावून येतो तो काशीनाथच. शेवटी नायक मारणाऱ्या हातांवर दोष ठेवत नाही, त्या हातांमागे उभ्या असलेल्या मनूवर ठेवतो. तेवढ्या मोजक्या शब्दांत कथा संपते. हे शब्द पहिल्या पानावर असते तर घोषणा ठरले असते. सगळी कथा भोगून झाल्यावर येतात, म्हणून ते काळजात रुततात.

वाचकहो, अशा वाचनाला कोणी पुस्तकी चाळा म्हणेल. त्यांनी बाबासाहेबांकडे पाहावे. 'शूद्र पूर्वी कोण होते?' हा ग्रंथ 1946 सालचा. त्यात बाबासाहेबांनी पुरुषसूक्तासमोर हात जोडले नाहीत आणि नुसती शिवीही दिली नाही. ते शब्दन् शब्द तपासले. इतर सूक्तांशी ते कुठे जुळत नाही, त्यात काय नंतर घुसवलेले दिसते, हे बॅरिस्टरने साक्षीदाराची उलटतपासणी घ्यावी तसे दाखवले. बारकाईने वाचणे हा आपला वारसा आहे. फरक एवढाच की बाबासाहेबांनी शत्रूचा ग्रंथ तपासला तो त्याचे बळ काढून घेण्यासाठी. आपण आपल्या लेखकांना तपासायचे ते त्यांचे बळ अंगात घेण्यासाठी.

यासाठी विद्यापीठाची पायरी चढावी लागत नाही. एक कथा घ्या आणि ती वहीत हाताने उतरवून काढा. हात चालू लागला की डोळ्यांनी ओलांडलेली वाक्ये अडवू लागतात. मग प्रश्न विचारा. कथा कोण सांगतो आहे आणि त्याला काय ठाऊक नाही? कथा नेमकी कुठे सुरू होते, त्याआधीचे काय गाळले आहे? लेखक कुठे रेंगाळला आणि कुठे पळाला? कोणता शब्द बदलला तर इमारत कोसळेल? ऊर्मिला पवारांच्या 'कवच' या कथेत आंबे विकणाऱ्या आईची कुचेष्टा आपल्याला तिच्या शाळकरी मुलाच्या मनातून भोगावी लागते. तीच कथा आईच्या तोंडून सांगून पाहा. काय गमावले, ते लगेच कळेल.

वर्षावासात आपल्या विहारांतून आषाढ पौर्णिमेपासून 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. गावोगावची साधी माणसे रोज एकत्र बसून वाचतात, अशी सवय आपल्याकडे रुजलेली आहे. त्याच विहारात, त्याच सतरंजीवर, आठवड्यातली एक संध्याकाळ एका कथेला देता येणार नाही काय? घाई नको. एका संध्याकाळी दोन पाने झाली तरी पुष्कळ.

शेवटी त्या गठ्ठ्यातल्या एका कथेविषयी. लिहिणारी मुलगी बारावीत शिकणारी, आई नगरपालिकेत झाडू मारणारी. कथा तीच, कलेक्टर होण्याची. पण मधेच दोन ओळी होत्या. पालकसभेला आलेली आई शाळेच्या फाटकाबाहेर थांबते, कामावरचा केशरी कोट काढून घडी करते, पिशवीत घालते आणि मग आत येते. मुलगी वर्गाच्या खिडकीतून हे पाहते. एवढेच. पुढे लगेच तीन पाने भाषण!

आम्ही तिला बोलावले. बक्षीस दिले नाही, बागूलांची कथा दिली आणि ती वहीत उतरवायला सांगितले. तीन आठवड्यांनी ती आली तेव्हा आम्ही काही विचारण्याआधीच म्हणाली, "सर, माझ्या आईनंपण जात पिशवीत घातली होती. आणि मी कुणाला सांगितलं नाही, म्हणजे मीपण चोरलीच की."

तिने कथा पुन्हा लिहिली. कलेक्टर गेला, भाषण गेले. सभा सुटल्यावर मुलगी फाटकापाशी आईच्या हातातली पिशवी मागून घेते, कोट बाहेर काढते, झटकते आणि स्वतःच्या हातावर टाकून रस्त्याने चालू लागते. कथा तिथे संपते. त्यात जयभीम हा शब्द कुठेही नाही, पण तो ऐकू येतो.