ॲपला वेग कळतो. मर्यादा कळते का?

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर 2024 मध्ये कॅमेऱ्यांची नवी वाहतूक यंत्रणा सुरू झाली आणि घरोघरच्या मोबाइलवर ई-चलानचे मेसेज येऊ लागले. तेव्हापासून गाडीवाल्यांच्या गप्पांत एक प्रश्न हमखास निघतो: वेगमर्यादा ओलांडली की सावध करणारे चांगले ॲप कोणते? उत्तरादाखल जो तो आपल्या आवडत्या कंपनीचे नाव सांगतो. पण नावापेक्षा, असे ॲप चालते कसे हे समजून घेतले तर निवड सोपी होते.

ॲपचे काम दिसायला किरकोळ आहे. त्याच्याकडे दोन आकडे असतात: गाडीचा आत्ताचा वेग आणि त्या रस्त्याची वेगमर्यादा. पहिला दुसऱ्यापेक्षा मोठा झाला की बीप वाजवायची. पहिला आकडा उपग्रहांकडून येतो, दुसरा नकाशातून. पहिल्यावर बऱ्यापैकी डोळे मिटून विश्वास ठेवता येतो. सगळी गोम दुसऱ्यात आहे.

पहिला आकडा: उपग्रहाचा

फोन आपली जागा दर क्षणी टिपतो आणि कापलेल्या अंतराला वेळेने भागून वेग काढतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात त्याच्याकडे याहून चांगली युक्ती असते. फलाटावर न थांबता शिट्टी वाजवत जाणारी रेल्वेगाडी जवळ येताना तिचा सूर चढा वाटतो आणि पुढे निघून गेली की उतरतो. हाच डॉप्लर परिणाम रेडिओ लहरींनाही लागू होतो. जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून सेकंदाला जवळजवळ 4 किलोमीटर वेगाने फिरत 1575.42 मेगाहर्ट्झचा संदेश पाठवत असतात. उपग्रहाची गती फोनला आधीच ठाऊक असते. ती वजा केल्यावर लहरींच्या वारंवारतेत जो फरक उरतो, त्यातून आपल्या गाडीचा वेग कळतो. ताशी 100 किलोमीटरला हा फरक जास्तीत जास्त दीडशे हर्ट्झच्या आत असतो, म्हणजे दीडशे कोटींत दीडशे! तरीही फोनमधली इवलीशी चिप तो मोजते. मोकळ्या आभाळाखाली एकसारख्या वेगाने जाताना हा आकडा सहसा ताशी एखाद-दोन किलोमीटरपेक्षा जास्त चुकत नाही.

मग गाडीचा काटा 100 दाखवत असताना फोन 95 का दाखवतो? कारण काटा मुद्दाम पुढे ठेवलेला असतो. अनेक देशांत लागू असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक 39 नुसार काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीच दाखवायचा नाही. जास्त दाखवला तर चालेल, पण खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ताशी 4 किलोमीटर एवढ्याच मर्यादेपर्यंत. म्हणजे खरा वेग 100 असताना काटा 114 पर्यंत जाऊ शकतो. शिवाय काटा चाकाच्या फेऱ्या मोजतो. टायर झिजला की त्याचा घेर कमी होतो, तेवढ्याच अंतरात चाक जास्त फिरते आणि काटा आणखी पुढे सरकतो.

उपग्रहाच्याही मर्यादा आहेत. एकदम वेग वाढवला किंवा कचकन ब्रेक मारला तर फोनवरचा आकडा क्षणभर मागे राहतो. बोगद्यात तर संदेशच पोहोचत नाही. समृद्धी महामार्गावर इगतपुरीजवळ सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा आहे. तिथे ॲप बरेचसे अंदाजाने चालते. तेवढा वेळ काट्याकडेच पाहावे.

दुसरा आकडा: नकाशाचा

मोटार वाहन कायद्याच्या कलम 112 प्रमाणे केंद्र सरकार कमाल वेग ठरवते आणि राज्य सरकारला तो रस्त्यानुसार कमी करता येतो. समृद्धीवर सपाट भागात कारला ताशी 120 ची मुभा आहे. द्रुतगती मार्गावर ती 100 आहे, घाटात त्याहून बरीच कमी आणि ट्रकला आणखी कमी. म्हणजे एकाच रस्त्याला टप्प्याटप्प्याने आणि वाहनाप्रमाणे वेगवेगळे आकडे लागतात. ते अधिसूचनेत असतात आणि पाटीवर असतात. ॲपच्या नकाशात ते कुणीतरी आणून भरावे लागतात.

ते भरण्याचे मार्ग चार. पहिला, वाहतूक पोलिसांकडून माहिती घेणे. गूगलने जुलै 2022 मध्ये भारतात स्ट्रीट व्ह्यू आणताना वेगमर्यादा दाखवण्याची सुरुवात बेंगळुरू आणि चंडीगडपासून केली, ती अशाच माहितीवर. दुसरा, कॅमेरा लावलेली गाडी फिरवून पाट्या टिपणे. तिसरा, वापरणाऱ्यांनी स्वतः नोंद करणे; वेझ आणि ओपनस्ट्रीटमॅप यांचा भर त्यावर आहे. चौथा, रस्त्याच्या प्रकारावरून अंदाज बांधणे: महामार्ग दिसला की अमुक, गल्ली दिसली की तमुक. ॲपच्या पडद्यावर मात्र चारही प्रकारचे आकडे सारख्याच ठसठशीत वर्तुळात दिसतात. पोलिसांनी दिलेला कोणता आणि अंदाजपंचे कोणता, हे कळायला मार्ग नसतो. रस्त्याच्या कामासाठी तात्पुरती लावलेली पाटी तर बहुतेक वेळा नकाशापर्यंत पोहोचतच नाही.

आणखी एक अडचण जागेची. मोकळ्या जागी फोनचा अंदाज सुमारे पाच मीटरने इकडे-तिकडे होतो, उंच इमारतींमध्ये त्याहून जास्त. महामार्ग आणि त्याला लागून असलेला सर्व्हिस रोड, किंवा उड्डाणपूल आणि त्याखालचा रस्ता यांत एवढेही अंतर नसते. गाडी कोणत्या रस्त्यावर आहे हे ॲप मागच्या काही बिंदूंवरून संभाव्यतेने ठरवते. ते चुकले की खालच्या रस्त्याची मर्यादा पुलावर दिसते. दोन वारंवारतांवर संदेश घेणाऱ्या फोनमध्ये ही चूक कमी होते.

युरोपीय संघात जुलै 2024 पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारमध्ये वेगमर्यादेची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची आहे. तिथे बहुतेक कंपन्या निव्वळ नकाशावर विसंबत नाहीत. पाटी वाचणारा कॅमेराही जोडीला देतात. आपल्याकडे 1 जुलै 2019 पासून नव्या कारमध्ये 80 ला थांबून थांबून आणि 120 ला सलग बीप वाजते, पण तिला रस्ता कळत नाही. शाळेसमोरून कुणी 70 ने गेला तरी ती गप्पच राहते.

निवडताना काय पाहावे?

- ज्या रस्त्याच्या पाट्या तुम्हाला पाठ आहेत, तिथे ॲप तपासा. शेजारी बसलेल्याने पाटी आणि पडदा ताडून पाहावा. माहिती नसताना गप्प राहणारे ॲप, चुकीचा आकडा ठोकून देणाऱ्यापेक्षा बरे.
- वाहनाचा प्रकार निवडता येतो का, ते पाहा. टेम्पो किंवा ट्रक चालवणाऱ्याला कारची मर्यादा दाखवणारे ॲप चलानच मिळवून देईल.
- सूचना आवाजात हवी. ताशी 100 ला पडद्याकडे दोन सेकंद पाहिले तर गाडी 55 मीटर पुढे गेलेली असते. नियमाने गाडी चालवताना फोनचा वापर फक्त मार्ग पाहण्यासाठी, तोही लक्ष विचलित न होता करता येतो. त्यामुळे फोन हातात नको, स्टँडवर हवा.
- घाटात रेंज जाते. नकाशा आधीच डाउनलोड करण्याची सोय असावी.
- निव्वळ कॅमेरा कुठे आहे ते सांगणाऱ्या ॲपवर भाळू नका. द्रुतगती मार्गावर कॅमेरे लावलेल्या दोन कमानींमधला सरासरी वेगही मोजला जातो. 30 किलोमीटरचे अंतर 18 मिनिटांच्या आत कापले, तर सरासरी 100 च्या वर गेलीच. कमानीखाली ब्रेक मारून ती खाली येत नाही. जर्मनीत तर चालकाने असे कॅमेरा-सूचक ॲप गाडी चालवताना वापरणे बेकायदा आहे, हे तिकडे जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

चलानाचा विषय बाजूला ठेवला तरी हिशेब उरतोच. केंद्र सरकारच्या 2022 च्या अहवालानुसार देशातल्या रस्ते अपघातांतील सुमारे 71 टक्के मृत्यूंमागे अतिवेग होता. त्यामागचे गणित वर्गाचे आहे: वेग 100 वरून 120 झाला तर ब्रेक लावल्यापासून थांबायला लागणारे अंतर 20 नव्हे, 44 टक्क्यांनी वाढते. दोन सारख्या गाड्यांनी एकाच ठिकाणी सारखाच ब्रेक लावला, तर 100 ची गाडी जिथे पूर्ण थांबते तिथे 120 ची अजून ताशी 66 किलोमीटरने धावत असते.

तेव्हा ॲप कोणतेही घ्या, सूचना मर्यादेच्या दहा वर नव्हे, मर्यादेलाच लावा. पडद्यावरचा आकडा आणि रस्त्यावरची पाटी यांत फरक दिसला, तर पाटीचेच ऐका. आणि मुक्कामी पोहोचल्यावर ती चूक ॲपला कळवा. मागून येणाऱ्याला तुमच्यामुळे बरोबर आकडा मिळेल.