कंटेनरभर रक्त, पन्नास पॉइंट!

न्हावा शेवा म्हटलं की कंटेनर! पण माहीत आहे का, तुमचं हृदय असा वीस फुटी डबा पाच दिवसांच्या आत भरून टाकेल? मिनिटाला साधारण ५ लिटर, दिवसाला ७,२०० लिटर. डब्यात मावतात जवळपास ३३,००० लिटर. आणि पंप केवढा? मुठीएवढा!

हा पंप दमला की 'हार्ट फेल्युअर'. हृदय बंद पडत नाही, कमी पडतं.

मग पुढची वर्षं किती? त्याचं चक्क स्कोअरकार्ड आहे! नाव 'मॅजिक', पण जादू नाही, निव्वळ हिशेब. ३० अभ्यासांतले ३९,३७२ रुग्ण, १३ मुद्दे, ० ते ५० पॉइंट. २०१३ साली आलेल्या या परीक्षेत कमी मार्क मिळवणारा हुशार!

आता ट्विस्ट. एरवी बीपी कमी, वजन कमी म्हणजे शाब्बास! इथे त्याचेच पॉइंट चढतात. दमलेल्या हृदयाला पुरेसा दाब टिकवता येत नाही आणि आजार अंग झिजवतो.

२००६च्या 'सिॲटल मॉडेल' या दुसऱ्या स्कोअरमध्ये तर रक्तातलं सोडियम कमी असणंही वाईट. मग सुके बोंबील वाढवायचे? अजिबात नाही! बहुतेकदा मीठ कमी पडलेलं नसतं, अंगात पाणी साठून रक्त पातळ झालेलं असतं.

माझा सगळ्यात लाडका आकडा मात्र 'मॅजिक'मधलाच: बीटा-ब्लॉकर गोळी चालू नसेल तर ३ पॉइंट. मधुमेहाला जेवढे, तेवढेच! सिगारेटला १. 'बरं वाटतंय' म्हणून स्वतःच गोळी बंद करणाऱ्या प्रत्येक काकांना हे दाखवा. कुणाला ती झेपत नाही, हे डॉक्टर ठरवतील.

आणि हो, स्कोअर शंभर जणांचं सांगतो. त्या शंभरातले तुम्ही कोण, हे त्याला कळत नाही. शिवाय देशादेशांत फरक आहेच: २०१७च्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय पाहणीत वर्षभरात सरासरी १६.५ टक्के रुग्ण दगावले, भारतात २३ टक्के. परदेशी फूटपट्टी इथे तपासूनच वापरायची.

माहीत आहे का, १९९७चा एक स्कोअर हृदयप्रत्यारोपण कुणाला हवं हे ठरवायलाच बनला? भारतातलं पहिलं प्रत्यारोपण मात्र त्याच्या कितीतरी आधी झालं होतं, फेब्रुवारी १९६८मध्ये, परळच्या केईएममध्ये, डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांच्या हातून. रुग्ण काही तासच जगला.

तेच परळ आता उरणकरांना किती जवळ! २१.८ किलोमीटरचा अटल सेतू, शिवडीला उतरलं की केईएम आलंच. निघताना गोळ्यांची चिठ्ठी आणि वजनाची नोंद पिशवीत टाका, स्कोअर काढताना दोन्ही लागतात.