बेळगावचे मांडे

सारण भरून भट्टीत भाजलेल्या ‘पाय’विषयी इंग्लंड-अमेरिकेतील घराघरांत जो जिव्हाळा आढळतो, तोच बेळगाव-निपाणीच्या सीमाप्रदेशात मांड्याच्या वाट्याला आला आहे; आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा मुलूख मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेल्यापासून हद्दीचा वाद चालू असला, तरी मराठी व कानडी दोन्ही घरच्या लग्नपंगतींत या पक्वान्नाचा मान अबाधित आहे.

मांड्याची वंशावळ मोठी आहे. कल्याणीचा चालुक्य नृपती तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात राजाच्या अन्नाचे वर्णन करताना मंडकाचा उल्लेख येतो. आणि विसोबा चाटीने खापर मिळू दिले नाही, तेव्हा ज्ञानदेवांनी योगाग्नीने आपली पाठ तापवली व मुक्ताबाईने तीवर मांडे भाजले, ही आख्यायिका तर मराठी मुलाला आजीच्या तोंडून कळते.

खानदेशातील मांडा पुरणाचा व मऊ. बेळगावचा मात्र खुसखुशीत. मैद्याची वा बारीक रव्याची कणीक तिंबून मुरवावयाची, तिच्या गोळ्यात पिठीसाखर, खवा, तूप, खसखस व वेलची यांचे सारण भरावयाचे, आणि तो गोळा पारदर्शक होईतो लाटून विस्तवावर पालथ्या घातलेल्या कढईवर अलगद पसरावयाचा, इतका तपशील कोणीही सांगेल. परंतु एवढी मोठी, तलम पोळी सारण न फुटता उचलणे, आणि भाजल्यावर ती कडक होण्यापूर्वीच्या क्षणार्धात उलथन्याने तिच्या चौकोनी घड्या घालणे, हे हातांचे शिक्षण आहे. क्षणभर उशीर झाला तर घडी पडत नाही, मांडा मोडतो. अशा हातांना मी कलावंताचे हात म्हणतो. पायचे कवच सारणाला धरून ठेवण्यासाठी असते. मांड्यात कवच आणि सारण इतके एकजीव होतात की जिभेला त्यांची वाटणी करता येत नाही, आणि माझ्या मते श्रेष्ठत्व येथेच आहे.

कार्य उरकल्यावरही मांडे घरात राहतात. ते कोरडे असल्यामुळे टिकतात. सकाळी वाटीभर गरम दुधात कुस्करून, वर तुपाची धार घेऊन खाल्ले की न्याहारी होते. परगावी निघालेल्या पाहुण्याच्या सामानात कुंदा या मिठाईबरोबर मांड्यांचा डबा असतो, आणि मांडे मोडू नयेत म्हणून तो प्रवासभर मांडीवर सांभाळला जातो.

मिठाईच्या दुकानांत मांडे मिळतात, हे चांगलेच. पण ही विद्या टिकते ती लग्नघरच्या चुलीजवळ, जेथे जाणत्या बाईशेजारी बसून सून किंवा लेक घडी घालावयास शिकते. म्हणून सीमाभागातील यजमानांना माझी आग्रहाची विनंती आहे: कार्याच्या यादीत मांडे लिहा, ते करणाऱ्यांना घरी बोलवा, आणि त्यांच्या श्रमाचे मोल हात आखडता न घेता द्या.